फास्ट, लिमिटेड, कॅज्युअल : उपनगरांत नाम झालेली विशेषणे

विशेषणाचे काम नामाबद्दल काही सांगण्याचे. पण बोलताना नाम गाळले गेले आणि तरीही ऐकणाऱ्याला अर्थ कळला, तर विशेषण स्वतःच नामाच्या जागी उभे राहते. मराठीत ही रीत जुनी आहे. ‘शहाण्याला शब्दांचा मार’ या म्हणीत माणूस हा शब्द कुठेच नाही, तरी ‘ला’ हा प्रत्यय थेट शहाण्याला लागला आहे. इंग्रजीतही ‘द रिच’, ‘द पुअर’ म्हटले की पुढे माणसे हा शब्द लागत नाही. मुंबईच्या उपनगरांत या दोन रीतींची गाठ पडली. लोकल, फास्ट, स्लो, वेस्टर्न, सेंट्रल, रिटर्न, लिमिटेड, जनरल, परमनंट, कॅज्युअल हे सारे शब्द इंग्रजीत मुळात विशेषणे आहेत किंवा विशेषणासारखे वापरले जातात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे ते रोजच्या मराठीतील नामे झाले. हा बदल शाळेच्या बाकावर थोडा आणि रेल्वेच्या फलाटावर, कारखान्याच्या फाटकावर फार झाला.

इंग्रजीतील नियम आधी पाहणे सोयीचे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणांना लिंग, वचन आणि विभक्तीचे प्रत्यय लागत. नुसते ‘चांगला’ म्हटले तरी पुरुष की बाई, एक की अनेक, हे शब्दाच्या शेवटावरून कळे. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजून गेले आणि विशेषणाची मोकळीक कमी झाली. आजच्या इंग्रजीत एका श्रीमंत माणसाला ‘अ रिच’ म्हणता येत नाही. ‘द रिच’ म्हणजे सगळे श्रीमंत, आणि त्याचे क्रियापद बहुवचनी. ‘द अक्यूज्ड’सारखे मोजके शब्दच एका माणसालाही चालतात. वस्तूंपैकी एखादी दाखवायची असेल तर विशेषणाला ‘वन’ या शब्दाचा टेकू द्यावा लागतो. याखेरीज एक गट पूर्णपणे नामांत जाऊन मिसळलेला आहे. सीनियर, ज्युनियर, मायनर, क्रिमिनल, सीक्रेट, टोटल, लिक्विड, सॉलिड या शब्दांना नामांप्रमाणे ‘एस’ लागून त्यांचे अनेकवचन होते. देशवाचक शब्दांतही असाच भेद आहे. ‘इंडियन’ला ‘एस’ लागतो, ‘इंग्लिश’ आणि ‘पोर्तुगीज’ यांना लागत नाही.

मराठीने मात्र प्रत्यय टाकले नाहीत. त्यामुळे गरीब, गरिबाला, गरिबांनी, गरिबांचे अशी विशेषणाची पूर्ण विभक्ती चालते, आणि एक गरीब व अनेक गरीब यांत गोंधळ होत नाही. खुद्द गरीब हा शब्द अरबी. तो फारसीमार्गे आला आणि मराठी नियमाने चालू लागला. राज्यकारभारातून आलेल्या अशा शब्दांची संख्या मोठी आहे. दिवाणी आणि फौजदारी ही मुळात विशेषणे, पण ‘त्याच्यावर फौजदारी केली’ असे म्हणताना ते स्त्रीलिंगी नाम असते. होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा वेगळा कारभार. तेथेही विशेषणानेच नामाचे काम केले. इंग्रजी शब्द येण्याआधी परक्या विशेषणांना नाम करून घेण्याची वाट मराठीत अशी चांगली रुळलेली होती, आणि पुढचा सारा इतिहास त्या वाटेनेच गेला.

मराठी व्याकरणाच्या अभ्यासाचे मुंबई हे एक मोठे केंद्र होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांच्या हाती द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’ असे. नंतर नेसफील्ड यांची व्याकरणे आली आणि १९३०च्या दशकात रेन व मार्टिन यांचे पुस्तक आले. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ. या पुस्तकात नामासारख्या वापरल्या जाणाऱ्या विशेषणांवर स्वतंत्र भाग आहे आणि तो मुंबईच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या घोकला गेला. त्यातले कित्येक शब्द मराठी घरांत तोवर येऊन बसले होते. वाण्याच्या दुकानात ‘टोटल किती झाली?’ असे विचारले जाते. टोटल स्त्रीलिंगी का, याचे उत्तर रेन-मार्टिनमध्ये मिळणार नाही. ते मराठीत आहे: बेरीज झाली, म्हणून टोटल झाली.

इंग्रजीतून आलेल्या विशेषणाला मराठीत लिंग कोठून मिळते, या प्रश्नाची गुरुकिल्ली येथेच आहे. इंग्रजी विशेषणाला लिंग नसते. मराठी नामाला ते असावेच लागते, नाहीतर क्रियापद अडते. अशा वेळी बोलणारा माणूस मनातल्या मनात गाळलेले मराठी नाम धरून चालतो आणि त्याचे लिंग विशेषणाला देतो. गाडी गेली की फास्ट गेली, तिकीट काढले की रिटर्न काढले, रजा टाकली की कॅज्युअल टाकली. उच्चारलेला शब्द इंग्रजी असतो, पण वाक्य गाळलेल्या मराठी शब्दाच्या हुकमतीत चालते. उपनगरांतील शब्द एकामागून एक घेतले तर हे सर्वत्र दिसते.

ज्या बेटावर ही उपनगरे वसली त्या बेटाचे नावही विशेषणाचेच आहे. साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून पडले, अशी व्युत्पत्ती गॅझेटियरमध्ये दिली आहे. संख्याविशेषण राहिले आणि गावे हा शब्द गळाला. गोव्यातील साष्टी तालुक्याच्या नावाचीही अशीच उपपत्ती सांगतात. मराठ्यांनी १७३७ ते १७३९ या काळात हे बेट पोर्तुगिजांकडून जिंकले, १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ते घेतले आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बांध झाला, १८४५ मध्ये माहीमचा, आणि साष्टी मुंबईला रस्त्याने जोडली गेली. तरीही अंधेरी, मरोळ, बोरिवली, मुलुंड ही भातशेतीची गावेच राहिली. त्यांचे उपनगर केले ते रेल्वेने.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. आजचे घाटकोपर आणि मुलुंड त्याच मार्गावर आहेत. पश्चिमेकडे बी.बी. अँड सी.आय. रेल्वेने १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅक बे अशी गाडी सुरू केली: दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक. बोरिवली, पहाडी, अंधेरी ही तिची थांबण्याची ठिकाणे. पहाडी म्हणजे आताचे गोरेगाव. दिवसाला एकच गाडी असेल तर ती जलद की धीमी हे सांगण्याचे कारण पडत नाही. तिला ‘गाडी’ एवढे नाव पुरते. एकाच जातीच्या दोन-तीन गोष्टी शेजारी येतात आणि त्यांतली कोणती हे सांगावे लागते, तेव्हा विशेषणाची गरज लागते. तीच निवड दिवसातून अनेक वेळा करावी लागली, की नाम गळून विशेषण उरते. उपनगरांत हे घडायला गाड्यांची संख्या वाढावी लागली.

पहिला भेद दूरच्या आणि जवळच्या गाड्यांचा पडला. दूर जाणाऱ्या त्या मेल आणि एक्सप्रेस, जवळच्या त्या लोकल. नुसते ‘लोकल’ म्हणण्याची रीत एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीतही होती, म्हणजे हा शब्द निम्मा नाम होऊनच मुंबईत उतरला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ पासून पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. या गाड्यांना इंजिन वळवून जोडावे लागत नाही, त्या चटकन वेग घेतात आणि चटकन थांबतात, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने गाडी सोडता येऊ लागली. रुळांच्या दोन जोड्या झाल्यावर एका जोडीवर सगळीकडे थांबणाऱ्या आणि दुसरीवर मोजक्या ठिकाणी थांबणाऱ्या गाड्या, अशी विभागणी झाली. फास्ट आणि स्लो ही नामे या रुळांच्या जोड्यांतून जन्मली.

आज अंधेरीच्या पुलावर एक माणूस दुसऱ्याला विचारतो, ‘आताची फास्ट गेली का?’ उत्तर येते, ‘गेली, पण बोरिवली स्लो लागलीय.’ या दोन वाक्यांत गाडी हा शब्द नाही, आणि तरीही ‘गेली’, ‘लागलीय’ ही रूपे तिच्याशीच जुळतात. शब्दाचे रूप मात्र बदलत नाही. ‘फास्ट रद्द झाल्या’ म्हणताना अनेकवचन क्रियापदावरून कळते. पुढे फास्टने, फास्टमध्ये, फास्टची असे प्रत्यय लागतात. फास्टचेही पोटभेद पडले. मधली आणखी काही स्थानके गाळणारी ती डबल फास्ट, आणि अर्ध्या वाटेपर्यंत जलद जाऊन पुढे प्रत्येक ठिकाणी थांबणारी ती सेमीफास्ट. इंडिकेटरवर विरारसाठी व्ही, बोरिवलीसाठी बी-ओ आणि त्यापुढे एफ किंवा एस एवढीच अक्षरे उमटत. प्रवासी त्यांवरून ‘विरार फास्ट’, ‘बोरिवली स्लो’ अशी पूर्ण नावे वाचत. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरणाऱ्याने चढू नये, हा तिथल्या गर्दीने केलेला कडक नियम आहे. म्हणजे फास्ट हे नुसते वेगाचे वर्णन राहिले नाही. कोणी चढावे, कोणत्या बाजूच्या दाराला उभे राहावे, किती आधी उठावे, या साऱ्या रीतिभाती त्या शब्दात शिरल्या आहेत. विशेषण नाम झाल्याची याहून पक्की खूण नाही.

रेल्वेच्या मराठी उद्‌घोषणेत ‘जलद’ आणि ‘धीमी’ हे शब्द येतात आणि वर्तमानपत्रे ‘धीम्या मार्गावरील वाहतूक’ असे छापतात. हे शब्द चांगले आहेत, प्रवाशांना पूर्ण समजतात. पण त्यांच्यापुढे नाम ठेवावे लागते: जलद लोकल, धीमी लोकल. बोलण्यात ‘जलद पकडली’ असे सहसा कानावर येत नाही. जलद हे मराठी विशेषण अजून अनेक नामांसोबत वावरते, तर फास्ट या शब्दाला फलाटावर एकच काम आहे. परका शब्द एका कामाला बांधला जातो आणि म्हणून लवकर नाम होतो.

वेस्टर्न आणि सेंट्रल यांची जन्मतारीख तर नेमकी सांगता येते. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जुन्या कंपन्यांच्या रेल्वे एकत्र करून पश्चिम रेल्वे व मध्य रेल्वे या दोन विभागांची स्थापना झाली. त्याआधी लोक बी.बी.सी.आय. आणि जी.आय.पी. असेच म्हणत. नव्या नावांतील रेल्वे हा शब्द गळाला. ‘सेंट्रल बंद पडली’, ‘आम्ही आधी वेस्टर्नला राहायचो’ अशी वाक्ये रूढ झाली. यातील दुसरे वाक्य विशेष आहे, कारण तेथे वेस्टर्न म्हणजे रेल्वे नसून त्या रेल्वेच्या कडेने पसरलेला सारा प्रदेश आहे. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या वस्तीला एका शब्दात नाव नव्हते, ते या विशेषणाने दिले. मुंबई सेंट्रल हे १९३० साली उघडलेले स्थानक मात्र वेस्टर्नवर आहे, आणि शहरात नव्याने आलेल्या माणसाला ‘सेंट्रलला जायचंय’ या वाक्याने आजही घोटाळ्यात पडायला होते. हार्बर या तिसऱ्या नावाची जात वेगळी. तो शब्द मुळातच नाम आहे, त्यामुळे त्याला बदलावे लागले नाही.

ईस्ट आणि वेस्ट हे शब्द या इतिहासाच्या कडेला येतात, कारण इंग्रजीत ते नामही आहेत आणि विशेषणही. रुळांनी प्रत्येक उपनगराचे दोन तुकडे केले, आणि पत्त्यात ‘मुलुंड पूर्व’ लिहिणारा माणूस बोलताना ‘ईस्टला राहतो’ म्हणतो. मुलुंडचा कोणता भाग आणि घाटकोपरचा कोणता, हे गावाचे नाव न घेता, बोलण्याच्या ओघावरून कळते.

तिकिटाच्या खिडकीवर शब्द आणखी आखूड झाले. मागे रांग लांबलेली असताना ‘एक अंधेरी रिटर्न’ एवढेच बोलायला सवड असते. सिंगल आणि रिटर्न नपुंसकलिंगी: ‘रिटर्न काढलं’. क्वार्टर्ली पुल्लिंगी: ‘क्वार्टर्ली काढला’. पहिल्यामागे तिकीट उभे आहे, दुसऱ्यामागे पास. पास हा शब्दही इंग्रजीच, पण मराठीत आधी येऊन पुल्लिंगी झालेला, म्हणून नंतर आलेल्या शब्दाला त्याने आपले लिंग दिले. डब्यांची नावेही अशीच. ‘जनरल रिकामा होता’ या वाक्यातील पुल्लिंग डब्याचे. फर्स्ट म्हणजे पहिल्या वर्गाचा डबा किंवा वर्ग, म्हणून ‘फर्स्ट भरलेला असतो’. लेडीज हा शब्द व्याकरणाने नाम आहे, तरी डब्याचे नाव होताना तोही याच साच्यातून गेला. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त महिलांसाठीची गाडी सुरू केली, आणि तिचे नाव पडले लेडीज स्पेशल. स्पेशल हे विशेषण तेथे गाडीच्या जागी आहे. लेडीज या शब्दाला ‘लेडीज भरलेला होता’ म्हणताना एक लिंग आणि ‘लेडीज स्पेशल आली’ म्हणताना दुसरे, हे ऐकणाऱ्याला जराही खटकत नाही.

रेल्वेइतकी नाही, पण बसचीही भर पडली. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी धावली आणि दुमजली बस १९३७ मध्ये आली. खुद्द बस हा शब्द लॅटिनमधील ‘सर्वांसाठी’ अशा अर्थाच्या विशेषणाच्या रूपाची शेपटी आहे. उपनगरांत लांबच्या मार्गांवर बेस्टने मोजक्या थांब्यांच्या गाड्या ठेवल्या. त्यांना लिमिटेड म्हणतात. ‘लिमिटेड सोडली, आता साधीची वाट बघ’ या वाक्यात लिमिटेड आणि साधी हे दोन शब्द शेजारी बसले आहेत, एक इंग्रजी, एक मराठी. दोघांचेही नाम बस, दोघेही स्त्रीलिंगी, आणि दोघांनाही सारखेच प्रत्यय. परक्या आणि घरच्या शब्दांना मराठीने एकच नियम लावल्याचा इतका स्वच्छ दाखला दुसरीकडे क्वचित सापडेल.

कारखान्यांचा भाग मोठा आहे आणि त्याकडे लक्ष कमी गेले आहे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडच्या, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांना स्वातंत्र्याच्या आगेमागे अभियांत्रिकी, औषधे, रसायने यांचे कारखाने उभे राहिले. अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत झाली आणि १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात-प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. पाळ्यांना शिफ्ट म्हणत, आणि शिफ्ट हाही शब्द पुढे गळाला. ‘मला या आठवड्यात सेकंड आहे’, ‘फर्स्ट सुटली की भेटू’, ‘तो आता जनरलला असतो’. येथे फर्स्ट स्त्रीलिंगी आहे, कारण मागे पाळी आहे. लोकलमधला फर्स्ट पुल्लिंगी आणि कारखान्यातली फर्स्ट स्त्रीलिंगी. एकच कामगार सकाळी दोन्ही शब्द वापरी आणि त्याची कधी चूक होत नसे. तीच गोष्ट जनरलची: डबा असेल तर तो, पाळी असेल तर ती.

कामगाराच्या आयुष्यात याहून वजनदार शब्द होता परमनंट. ‘तो परमनंट झाला’ या वाक्यात हे विशेषण विधानासाठी आले आहे, पण ‘परमनंटांना बोनस मिळाला, टेंपररींना नाही’ असे म्हटले की ते शुद्ध नाम होते. कायम नोकरी लागली की चाळीतली खोली घेता येई, लग्न ठरे, गावी पैसे जात. एवढा मोठा अर्थ एका शब्दात मावला, म्हणून तो कामगारांच्या घरातल्या बायकामुलांच्याही तोंडी बसला. रजेचे शब्द हिशेबाच्या वहीतून आले: कॅज्युअल, प्रिव्हिलेज, सिक. ‘माझ्या तीन कॅज्युअल उरल्यात’ या वाक्यात रजा गाळलेली आहे आणि ‘उरल्यात’ हे तिचे अनेकवचन आहे. प्रिव्हिलेज हे इंग्रजीत नाम आहे, तरी मराठीत त्याची आणि कॅज्युअलची वागणूक सारखीच. कर्मचाऱ्याला मूळ शब्दाची जात माहीत असण्याची गरजच पडली नाही.

अंधेरीच्या चित्रपट स्टुडिओंतही एक शब्द असाच घडला. घोळक्यातले, मोर्चातले, लग्नाच्या वरातीतले चेहरे म्हणून उभ्या राहणाऱ्या नटांना एक्स्ट्रा म्हणत. एक्स्ट्रा म्हणजे जादा, वरचा. माणसाला थेट जादा म्हणणारे हे नाव बोचरे होते. पुढे ज्युनियर आर्टिस्ट असा शब्द आला. त्यात विशेषण पुन्हा विशेषणाच्या जागी गेले आणि माणसाचा आर्टिस्ट म्हणून उल्लेख झाला. गळालेले नाम सन्मानासाठी परत आणावे लागते, हे या एका उदाहरणावरून कळते.

समाजांच्या नावांत ही गोष्ट सर्वांत गंभीर होते. साष्टीतील जुन्या गावठाणांत, मरोळ, सहार, गोराई, मनोरी येथे, मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक पोर्तुगीज काळापासून राहतात. रेल्वे आणि सरकारी नोकऱ्यांमुळे गोवा व मंगळूरहून ख्रिस्ती लोक मुंबईत येऊ लागले, तेव्हा मूळच्या लोकांना वेगळ्या नावाची निकड वाटली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाशी जुळणारे हे विशेषण एका मराठी समाजाचे विशेषनाम झाले. मराठीत त्याची विभक्ती पूर्ण चालते: ईस्ट इंडियनांची बोली, ईस्ट इंडियनांच्या गावठाणात. इंग्रजी ‘एस’ जाऊन मराठी ‘आं’ आला आहे. गाड्यांच्या नावांना हा ‘आं’ लागत नाही, ‘फास्टांमध्ये’ कोणी म्हणत नाही. माणसांच्या नावांना तो सहज लागतो. सीनियर, ज्युनियर यांच्या बाबतीत अजून ओढाताण आहे: सीनियरांना आणि सीनियर्सना ही दोन्ही रूपे ऐकू येतात, आणि दुसऱ्यात अनेकवचनावर मराठी प्रत्यय चढलेला असतो.

उलट दिशेचा प्रवासही मुंबईतूनच झाला. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. त्या इंग्रजी नावात विशेषणाला ‘क्लासेस’ या नामाचा आधार आहे. त्याच संस्थेच्या मराठी नावात, भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळीमध्ये, ‘निराश्रित’ एकटे उभे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तेथेही बहिष्कृत म्हणजे बहिष्कृत माणसे, वेगळे नाम नको. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि ‘दलित’ हा शब्द जगभरच्या इंग्रजीत पोचला. इंग्रजीने तो नाम म्हणून घेतला आणि त्याला आपला ‘एस’ लावला. ‘द पुअर’सारखा तो वर्गापुरता राहिला नाही, एका माणसालाही तो स्वतःची ओळख म्हणून लावता आला. इंग्रजीच्या स्वतःच्या विशेषणांना सहसा न मिळणारी मोकळीक मराठीतून गेलेल्या या शब्दाला मिळाली, आणि ती चळवळीने मिळवून दिली.

सगळीच विशेषणे नाम होत नाहीत. १९२० साली बॉम्बे सबर्बन डिस्ट्रिक्ट या नावाचा जिल्हा झाला, १९५७ मध्ये महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी कागदावर असूनही ‘सबर्बन’ हा शब्द नाम झाला नाही. लोकांनी उपनगर म्हटले, नाहीतर सरळ अंधेरी, बोरिवली म्हटले. या शब्दाने रोजची कोणतीही निवड करावी लागत नव्हती, हे त्याचे कारण दिसते. शाळेत शिकवलेली ब्युटिफुल, क्लेव्हर, ऑनेस्ट ही विशेषणेही तशीच बाहेर राहिली.

अलीकडची दोन नावे तारखांसह सांगता येतात. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि वेस्टर्न व सेंट्रल आडव्या दुव्याने जोडल्या गेल्या. मेट्रो हा शब्द पॅरिसच्या ‘मेट्रोपोलितँ’ या विशेषणाचा तुकडा, त्याआधीचे नाव लंडनच्या १८६३च्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचे. मुंबईत तो येताक्षणी स्त्रीलिंगी झाला. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला पहिली वातानुकूलित लोकल धावली. उद्‌घोषणेत ती वातानुकूलित आहे, प्रवाशांच्या बोलण्यात ‘एसी’. ‘एसी आली’ म्हणजे गाडी आली. ‘एसी बसवला’ म्हणजे घरात यंत्र बसवले. तेच दोन अक्षरांचे नाव, लिंगे दोन.

या शब्दांपैकी रेल्वेचे शब्द टिकतील, कारण गाड्या रोज धावतात. कारखान्यांचे तसे नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कित्येक कारखान्यांच्या जागी आता निवासी मनोरे आणि मॉल आहेत. ‘सेकंड आहे’, ‘जनरलला असतो’, ‘कॅज्युअल उरल्यात’ असे रोज बोलणारी माणसे निवृत्त होऊन भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या चाळींत आणि इमारतींत राहतात. मराठी कोशांचे काम करणाऱ्यांनी आणि महाविद्यालयांतील भाषा विभागांनी त्यांच्याकडे जाऊन हे शब्द लिंग, प्रत्यय आणि पूर्ण वाक्यांसह लिहून घ्यावेत. हे काम या पिढीच्या हयातीतच होऊ शकते.